भरपूर चेष्टा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला मध्ये थांबावं लागणार नाही. आणि तुम्ही आपला चहा घ्या, माझ्याकडे बघू नका. कुणी बघत असलं की मला बोलता येत नाही. हा किस्सा सांगताना तर अजूनही कान गरम होतात.

दिल्लीत नवीन आलो होतो तेव्हाची गोष्ट. दहावीत गणिताने दगा दिला, शाळा सुटली आणि मी परभणीहून थेट पहाडगंजला मामाकडे येऊन पडलो. तेव्हा नोएडात सेक्टरमागून सेक्टर उभे राहत होते. मुलं कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला जायची आणि नव्या कोऱ्या फ्लॅटमध्ये आईवडील मागे राहायचे. अशा म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायला घरी माणूस पाठवणारी एक कंपनी निघाली होती. मामाने ओळखीने मला तिथे चिकटवलं. बोली अशी, की पहिल्या घरातून तक्रार आली तर सरळ घरी जायचं.

घरी म्हणजे परभणीला. आणि तिकडे वडिलांनी अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलेलं, पोरगा दिल्लीत दवाखान्याच्या लाईनीत आहे. आता सांगा, कुठल्या तोंडाने परत जाणार?

कंपनीत आम्हाला शिकवायला त्यागी सर होते. भारदस्त माणूस, हिंदी एकदम शुद्ध. हात कसे धुवायचे, बाथरूमची फरशी कोरडी आहे ना हे बघितल्याशिवाय पेशंटला आत का न्यायचं नाही, व्हीलचेअरचा ब्रेक, गोळी देण्याआधी नाव दोनदा वाचणं, सगळं त्यांनी घोटून घेतलं. मी एकेक गोष्ट पाठ केली. शेवटी त्यांनी बोट वर केलं आणि म्हणाले, "और सबसे बड़ी बात. मरीज़ को प्रसन्न रखने की भरपूर चेष्टा करनी है. चेष्टा में कोई कमी नहीं आनी चाहिए."

फरशी पुसेन, बेडपॅन धुवेन, पण चेष्टा? मी? ज्याने जन्मात कधी धाकट्या बहिणीची चेष्टा केली नाही, तो परक्या म्हाताऱ्या माणसाची करणार? तीही भरपूर?

हात वर करून विचारायला काय झालं होतं, असं तुम्ही म्हणाल. अहो, हात वर करता आला असता तर दहावीत गणित नसतं का सुटलं?

रात्री जेवताना मामाला विचारलं. त्याने भाकरी मोडता मोडता जरा विचार केला आणि म्हणाला, "परदेशात म्हणे दवाखान्यात विदूषक ठेवतात. पेशंट हसला की लवकर बरा होतो. याला क्वालिटी म्हणतात. सांगितलंय तसं कर." झालं. मामा बारावी पास. त्याच्यापुढे मी काय बोलणार?

मराठी येतं म्हणून मला साठे काकांच्या घरी पाठवलं. काका केंद्र सरकारातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. सगळी नोकरी लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये काढली आणि मग नोएडात फ्लॅट घेतला. बाथरूममध्ये पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वॉकर धरून चाला म्हणून बजावलेलं. पण काका वॉकरकडे असे बघायचे, जणू तो बिचारा अर्ज घेऊन आलाय आणि त्याच्यावर यांना सही करायची नाहीये.

अशा माणसाची चेष्टा करायची!

पहिल्या दिवशी मी आरशासमोर सराव केला. मग डोळे मिटून, एका दमात म्हणालो, "काका, तुमची टोपी अगदी टोपीसारखीच दिसते."

काकांनी टोपी काढली. उलटसुलट करून बघितली. माझ्याकडे बघितलं. परत घातली. मला वाटलं, कमी पडलो. चेष्टेत कमी नको म्हणाले होते सर.

मग मी जोर वाढवला. तुमच्या घोरण्यामुळे खालचे लोक मोटर चालू राहिली समजून बटण शोधत असतात, असं सांगितलं. काकू भाजी चिरत होत्या, त्यांची सुरी थांबली. आणि एका सकाळी काका काही केल्या उठेनात, तेव्हा मी म्हणालो, "काका, तुमच्यापेक्षा आमच्या गावची एसटी लवकर येते. आणि ती तर बंद झालीये."

काका लालबुंद. "मला म्हणतोस?" असं म्हणत त्यांनी वॉकर ओढला आणि निघाले माझ्या मागे. मी मागे मागे सरकतोय, पडले तर धरायला दोन्ही हात पुढे, शिकवल्याप्रमाणे. काका ठक ठक करत हॉल ओलांडून पार स्वयंपाकघरापर्यंत. ऑपरेशननंतर इतकं ते कधीच चालले नव्हते. मी मनात म्हटलं, वा रे क्वालिटी!

काकूंनी मात्र लगेच कंपनीला फोन लावला. काकू दिल्लीत इतकी वर्षं राहिल्या, पण त्यांच्या हिंदीला कुणी कधी हात लावू शकलं नव्हतं. मला सगळं ऐकू येत होतं. "तुमचा मुलगा आमच्या यांची सकाळी चेष्टा करता है, शाम को चेष्टा करता है. बिल्कुल सोडता नहीं. तुम बघ लो अब."

तक्रार! मी गपचूप पिशवी भरायला घेतली. तोच कंपनीतून निरोप आला, उद्या ऑफिसात या. गेलो. तर त्यागी सरांनी सगळ्या नव्या पोरापोरींसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, माताजींनी स्वतः फोन करून याचं कौतुक केलं. आता हा तुम्हाला दाखवेल. स्वतः खुर्चीत बसले. "समझो मैं मरीज़ हूँ. करो चेष्टा."

मी म्हटलं, "सर, आपकी?"

"बिल्कुल. भरपूर."

मी डोळे मिटले. आणि म्हणालो, "सर, आपके बाल सफ़ेद, मूँछ एकदम काली. मूँछ आपके बाद पैदा हुई क्या?"

सरांचा हात आपोआप मिशीवर गेला. हे काय आहे, म्हणून त्यांनी विचारलं, तर मी घाबरत सांगितलं की सर, चेष्टा. मागच्या बाकावर इंदूरची एक नर्स होती, तिला दोन्ही भाषा यायच्या. तिला आधी हसू आवरेना, मग तिने उभं राहून सगळ्यांना समजावलं, की हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, आणि मराठीत चेष्टा म्हणजे टिंगल.

धरणी दुभंगावी म्हणतात ना, तसं झालं. पण ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. दुभंगली असती तरी दुसऱ्यावरच पडलो असतो.

सर हसले नाहीत. म्हणाले, संध्याकाळी साठेसाहेबांना फोन करतो. ते ठेव म्हणाले तर ठेवीन, नाहीतर गाडीचं तिकीट.

परत काकांकडे आलो. फरशी कोरडी केली, गोळ्या दिल्या, उशी नीट केली, आणि तोंडातून एक अक्षर काढलं नाही. चालायची वेळ झाली. काका बसूनच. वाट बघून शेवटी तेच म्हणाले, "काय रे, आज एसटी नाही का?"

मग मात्र मला राहवलं नाही. त्यागी सर, मामा, विदूषक, मिशी, सगळं सांगून टाकलं आणि त्यांचे पाय धरले. ऑपरेशनचा सोडून दुसरा. काकूंनी कपाळाला हात लावला. "अगंबाई, म्हणजे मी फोनवर याचं कौतुक केलं होय!"

तेवढ्यात फोन वाजला. काकू उठायला लागल्या, तर काकांनी हातानेच त्यांना बसवलं. वॉकर घेतला, स्वतः फोनपर्यंत चालत गेले. मी मागोमाग, हात पुढे करून. पलीकडचं बोलणं बराच वेळ ऐकून घेतलं आणि सरकारी आवाजात एवढंच म्हणाले, "लड़का यहीं रहेगा." रिसीव्हर ठेवला.

माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, "काका, म्हणजे तुम्हाला माझा राग नाही आला?"

"खूप यायचा," काका म्हणाले. "इतकी सुमार चेष्टा मी उभ्या आयुष्यात ऐकली नव्हती. आता कळलं, तो नुसता प्रयत्न होता."