रोहीसोबतचा फोटो

माधव गेल्याचा फोन आमदारसाहेबांच्या माणसाकडून आला तो असा. "डॉक्टर गेले, काका. परवा शोकसभा ठेवलीय. साहेबांसोबतचा त्यांचा फोटो तुमच्याकडंच असंल ना?" मरणाची बातमी आणि फोटोची मागणी एका दमात. मी फोटो दिला. माझ्यासारखी माणसं मागितलं की देतात.

सभेत तोच फोटो मोठा करून, हार घालून ठेवला होता. साहेब वीस मिनिटं बोलले, त्यात माधव दोनदा आला. मुक्या जिवांचा मित्र वगैरे. जनावर त्यांनी काळवीट करून टाकलं. फोटोत रोही आहे, म्हणजे नीलगाईचा नर, चांगला घोड्याएवढा... पण एवढं बघायला सवड कुणाला!

तो रोही अंबडच्या अलीकडे एका कोरड्या विहिरीत पडला होता. माधव जनावरांचा सरकारी डॉक्टर, मी कचेरीतला कारकून, शाळेपासूनचा त्याचा दोस्त. त्या दिवशी बंदोबस्ताला होतो. माधवनं फुंकनळीतून गुंगीची सुई मारली, दोरांनी जनावर वर काढवलं, डोळ्यांवर आपला रुमाल बांधला, दोन्ही अंगांना पोती लावून ते छातीवर बसतं ठेवलं. "झोपवायला काय, कुणीबी झोपवतंय," तो म्हणायचा, "उठवता आलं पाहिजे." म्हणून उठवायची सुई तो गुंगीच्या आधी भरून ठेवायचा. ती त्यानं हातात घेतली आणि वरून निरोप आला: साहेब राजूरच्या गणपतीचं दर्शन घेऊन निघालेत, फोटो होईपर्यंत जनावर उठवू नका.

"रवंथाचं जनावर हे," माधव मला म्हणाला. "पडून राह्यलं तर पोट फुगून मरंल. मी उठवून राह्यलो."

"पाचच मिनिटं थांब," मी म्हणालो. "माझी बदली करतील रे."

तो थांबला. माझ्यासाठी थांबला. साहेब पाऊण तासानं आले. फोटोवाल्याला पोती आणि रुमाल नको होते, म्हणून ते काढले. रोही आडवा झाला, तोंडातून हिरवं पाणी आलं. साहेब मानेवर हात ठेवून हसले. माधवला सुई देता आली तोवर रोहीची छाती हलायची थांबली होती आणि साहेबांची गाडी सुटली होती.

माझी बदली झाली नाही. पुढं बढतीसुद्धा झाली. माधवनं कधी एका शब्दानं बोल लावला नाही, चहाला बोलवायचा, पण गुंगीतल्या जनावराजवळ मला पुन्हा फिरकू दिलं नाही. साहेबांची मला किळस येते, पण ती येणं सोपं आहे...

सभा संपल्यावर माधवची मुलगी फोटोसमोर उभी होती. फोटोत साहेबांच्या मागे माधव पुढं झेपावलेला आहे, मुठीत भरलेली सुई, आणि त्याचं मनगट मी दोन्ही हातांनी आवळून धरलंय.

"काका," ती म्हणाली, "बाबांचा हात किती मायेनं धरलाय तुम्ही."

मी हो म्हणालो.