धोंडीकाकाचा निरोप

हे मी बायकोलाही सांगितलं नाही, आणि आता तीही नाही. तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही आमच्या भाऊकीतले नाही म्हणून. भाऊकीत तोंड उघडण्यापेक्षा विहिरीत उडी परवडली.

आधी काकूबद्दल. यमुनाकाकू म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्याची बायको. धोंडीकाका नगरच्या कॅम्पात घोड्यांच्या पागेवर होता. पहिल्या जर्मन लढाईच्या आधी तिथून मुंबईला गेला, कुठल्याशा बोटीवर चढला आणि नाहीसाच झाला. काकू तेव्हा कोवळी पोर, पदरात मूल नाही. आमच्यात रीत अशी, की परागंदा माणसाची बारा वर्षं वाट बघायची, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. तसा दिला. पानं जळाली आणि काकूच्या बांगड्या फुटल्या. पुन्हा पाट लावून द्यायची सोय नाही — आम्ही खानदानी ना! खानदान म्हणजे काय, तर पहाटे जात्यावर काकू, दुपारी शेतात काकू, संध्याकाळी चुलीपुढं काकू. मला न्हाऊमाखू घालून वाढवलं तेही तिनंच.

आता त्या दिवसाचं सांगतो. नाही, थांबा — आणखी एक. मी नगरला मिशनच्या हायस्कुलात शिकलो आणि शेवगावला मास्तर झालो. आमच्या गावात इंग्रजी येणारा मी एकटा. याची मला केवढी ऐट होती!

दुसरी लढाई संपली त्या हिवाळ्यात आमच्या दारात लष्कराची जीप थांबली. खाकी कपड्यांतली एक तरुणी उतरली. केस मानेपर्यंत कापलेले, रंग मात्र आमच्यासारखाच. अमेरिकन फौजेतली नर्स, नाव रोझा. धोंडीकाकाची मुलगी.

काका जिवंत होता! कॅलिफोर्नियात फळबागांतून राबत होता. मेक्सिकन बाईशी संसार थाटला होता, पोरंबाळं होती. रोझा इंग्रजीत भरभरून बोलत होती. तिकडे गोरे म्हणतात तुम्ही मेक्सिकन, मेक्सिकन म्हणतात तुम्ही हिंदू, आणि बापू, म्हणजे काका, म्हणतो आपण शेवगावकडचे. "म्हणून म्हटलं, मी नक्की कुठली ते एकदा बघून तरी यावं," ती म्हणाली आणि हसली. मला ते हसणं बघवेना.

काकूनं तिला भाकरी-ठेचा वाढला. पोरीनं भाकरीचा पापुद्रा अलगद सोडवला, त्यात ठेचा गुंडाळला आणि खाऊ लागली. त्यांच्या घरी मक्याची असते म्हणे, पण बापू तिला भाकरच म्हणतो.

"लई ग्वाड पोर हाय," काकू दाराआडून म्हणाली. "कोन हाय रं? काय म्हनती?"

तेवढ्यात रोझानं विचारलं, बापूची पहिली बायको आहे का? तिच्यासाठी निरोप आहे. बापूनं सांगितलंय, मी जिवंत आहे, माफी मागायला मला तोंड नाही. पण तिनं कुंकू पुसलं असेल तर पुन्हा लावायला सांग.

दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

काकूला मी म्हणालो, "मिशनच्या दवाखान्याची बाई हाय. गाव बघाया आलीया." रोझाला इंग्रजीत सांगितलं, ती फार वर्षांपूर्वी प्लेगात गेली. पोरीचे डोळे भरले. मग तिनं दाराकडे बघून हळूच विचारलं, "आणि या कोण?"

"घरात कामाला असते," मी म्हणालो.

जिभेला हाड नसतं म्हणतात, ते उगाच नाही. आणि चीड कशाची येते सांगू? ते फारसं खोटंही नव्हतं!

रोझा निघाली तेव्हा काकू माझ्या बायकोला म्हणाली, "कुनाची का आसंना, लेकीला रिकाम्या वटीनं धाडू न्हाई. मला चालत न्हाई, तू भर गं." आणि स्वतः आत जाऊन उभी राहिली. नवरा जिवंत असलेली बाई त्याच्याच लेकीच्या ओटीपासून बाजूला झाली. पत्र घालायला मी रोझाला शाळेचा पत्ता दिला, घरचा नाही. इतकी अक्कल मात्र वेळेवर सुचली.

का केलं? धाकट्या बहिणीची सोयरीक कर्जतच्या घराशी ठरली होती. पुतळा जाळलेला माणूस जिवंत, वर ख्रिस्ती बाईशी संसार करतोय — हे कळलं असतं तर सोयरीक मोडली असती. असं मी स्वतःला सांगत आलो. पण बहिणीचं लग्न पुढच्याच वैशाखात झालं! मग कोणी माझं तोंड धरलं होतं? खरं सांगू? काकूच्या कपाळी कुंकू आलं असतं तर ती मानानं बसली असती, हक्कानं चार शब्द बोलली असती. मग जात्यावर कोण बसणार होतं? बस्, एवढंच कारण. इतकं फालतू. धोंडीकाकाला मी आयुष्यभर पळपुटा म्हणत आलो. त्यानं निदान निरोप तरी धाडला.

दर नाताळाला रोझाचं कार्ड यायचं. बापू बरा आहे, एवढंच त्यात असायचं.

स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात काकू तापानं गेली. सवाष्ण गेली की आमच्याकडे तिला हिरवं लुगडं नेसवतात, मळवट भरतात. बायकांनी काकूला अंघोळ घातली. मग शेजारची म्हातारी पांढरं कापड घेऊन ओट्यावर आली आणि घरातला कर्ता म्हणून मला विचारलं, "पांढरंच घालायचं न्हवं, मास्तर?"

धोंडीकाका तेव्हा जिवंत होता. नाताळाचं कार्ड येऊन चार महिनेही झाले नव्हते.

"व्हय," मी म्हणालो. अग्नीही मीच दिला.