श्रवणदालनाशेजारची खोली

नौपाड्यातल्या वाद्यसंग्रहालयाच्या संचालक हेमा दांडेकर यांना कपाटात मांडलेल्या वाद्यांचं कधीच समाधान नव्हतं. काचेआडचा पखवाज म्हणजे नुसतं लाकूड, असं त्या नोकरीला लागल्यापासून म्हणत आल्या होत्या. वाद्य वाजलं पाहिजे आणि आलेल्या माणसाला ते निवांत ऐकता आलं पाहिजे. विश्वस्तांना हे पटवता पटवता त्यांचे केस पिकले. शेवटी मागच्या अंगणात नवी इमारत बांधायचं ठरलं आणि तिचा कोपरान् कोपरा त्यांच्या या एका हट्टातून निघाला. मधोमध गोल श्रवणदालन, त्याला जाडजूड भिंती, आणि रस्त्यावरचे हॉर्न आत पोचू नयेत म्हणून वळसा घेत जाणारी वाट. कॅन्टीनसुद्धा त्यांनी गच्चीवर धाडलं.

"तुम्ही इमारत कानांनी बांधताय," आर्किटेक्ट विनीत एकदा म्हणाला. हेमाताईंना ते फार आवडलं.

त्या अंगणात तानाजींची शेड होती. संग्रहालयातले तबले, ढोलक्या, पखवाज तेच दुरुस्त करायचे. हेमाताई दुपारचा चहा बहुतेक त्यांच्याकडेच घ्यायच्या. तानाजी तबल्याची पुडी, म्हणजे वरचं मढवलेलं कातडं, ठोकून सुरात आणत आणि त्या शेजारी स्टुलावर बसून ऐकत. आपला कान इथेच तयार झाला, असं त्या पाहुण्यांना कौतुकानं सांगत. शेड पाडायची वेळ आली तेव्हा त्यांनी शब्द दिला, "तानाजीभाऊ, नव्या इमारतीत पहिली खोली तुमची." तानाजींनी हत्यारं बांधली आणि शहाडला घरीच काम सुरू केलं.

नकाशा पक्का करायच्या बैठकीत विनीतनं तानाजींच्या कार्यशाळेची खोली दालनाला लागून दाखवली. दुहेरी भिंत घातली की ठोकाठोकीचा आवाज आत येणार नाही, असं तो म्हणाला. विश्वस्त एकमेकांकडे बघू लागले. पाहुणे यायच्या वाटेवर कार्यशाळा कशाला, हे त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं.

"आवाजाचं सोडा हो," हेमाताई हसत म्हणाल्या. "कातड्याच्या वासाचं काय? लोक नाकाला रुमाल लावून मैफल ऐकणार का?"

सगळे हसले. हसणं ओसरलं तेव्हा दारात तानाजी उभे दिसले. दुरुस्त झालेला पखवाज द्यायला ते आले होते. त्यांनी तो जपून टेबलावर ठेवला, त्यावरचं फडकं काढलं.

"पुडीवरची काळी शाई ताजी आहे. दोन दिवस वाजवू नका," एवढंच बोलून ते जिना उतरले. हेमाताई पुन्हा नकाशाकडे वळल्या. खोली नकाशातून गेली.

घरी आल्यावर त्यांनी स्वतःची समजूत घालून पाहिली. वास येतोच, सोय बघायलाच हवी, आपण काही कुणाला नावं ठेवली नाहीत. पण ते पटेना. त्या शेडमध्ये इतक्या दुपारी काढल्या, तिथे चहाबरोबर बिस्किटं खाल्ली, त्यांना तो वास कधी जाणवलाही नव्हता. मग बैठकीत तो आला कुठून? समोर बसलेल्या माणसांनी आपल्याला त्यांच्यातलं मानावं म्हणून आपण ते बोललो, हे उमगलं तेव्हा त्यांना आरशात बघवेना.

रविवारी त्या शहाडला गेल्या. तानाजींच्या बायकोनं, कलावतींनी, खुर्ची पुढे केली. तानाजी ढोलकीची कातडी वादी ओढून ताणत होते.

"माझं चुकलं, तानाजीभाऊ."

"वास तर येतोच, मॅडम. खोटं काय बोललात?" आजवर ते ताई म्हणत.

"मला कधी आला नाही."

"मग बोललात कशाला?"

"तुमची खोली मी परत नकाशात घालून घेते," हेमाताई म्हणाल्या.

"खोलीचं मनावर घेऊ नका," तानाजी म्हणाले. "माझ्यानं आता तिथं बसवणार नाही. इथं बरं चाललंय." कलावतींनी चहा आणला. हेमाताईंनी तो कसाबसा संपवला.

पुढच्या बैठकीत त्यांनी नकाशा पुन्हा उघडायला लावला. मागच्या वेळी आपण खोटं बोललो, लाज वाटण्यासारखं बोललो, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. कुणी हसलं नाही. विनीतनं कार्यशाळा पुन्हा दालनाला जोडली, तीही अशी, की तिच्यातूनच दालनात जावं लागेल. विश्वस्तांनी खूप खळखळ केली, पण हेमाताई हटल्या नाहीत.

इमारत उभी राहिली. कातडं, लाकूड, हातांची कामं बघत माणसं आत जातात आणि मग शांत बसून ऐकतात, हे सगळ्यांना फार भावलं. वर्तमानपत्रात संचालकांच्या दृष्टीचं कौतुक छापून आलं. हेमाताईंनी ते कात्रण फलकावर लावू दिलं नाही. खोलीत आता कल्याणचे प्रीतम नावाचे कारागीर बसतात. तानाजींना तीनदा निरोप गेला, ते आले नाहीत.

एकदा मात्र ते कलावतींना घेऊन आले, इतरांसारखं तिकीट काढून. प्रीतमशी दोन शब्द बोलले, दालनात बसून शेवटपर्यंत ऐकलं. बाहेर आले तेव्हा हेमाताई वाटेत उभ्या होत्या.

"भिंती चांगल्या झाल्यात," तानाजी म्हणाले. "घुमत नाही आत."

"चहा घेऊन जा ना."

"नको. हिला नौपाड्यात साडी बघायची आहे."

दोघं सावकाश फाटकाबाहेर गेले. हेमाताई वळल्या, तेवढ्यात एका पाहुण्या बाईंनी त्यांना थांबवून विचारलं, "कार्यशाळेतून आत न्यायची कल्पना किती छान आहे. तुम्हाला सुचली कशी?"

हेमाताईंचे कान तापले. त्यांनी बाईंना दालनाचं दार उघडून दिलं आणि स्वतः बाहेरच उभ्या राहिल्या.