लाल दिवा लागला की

पियानोच्या क्लासला जायला लागून मला दीड वर्ष झालं. या दीड वर्षात धड वाजवलेली रेकॉर्डिंगं माझ्याकडं किती आहेत विचाराल, तर तीन. आणि त्या तिन्हींपायी काय काय झालं ते सांगायला बसले, तर चहा दोनदा गरम करावा लागेल. नीट वाजलेल्याचा किस्सा होत नसतो. 'वाजवलं, झालं', यापलीकडं त्यात सांगणार काय? किस्से सगळे बिघडलेल्याचे, आणि बिघडवायला आमच्या क्लासात कुणी कमी नाही.

क्लास राजारामपुरीत, एका बेकरीच्या माडीवर. शिकवणाऱ्या रेवती मॅडम, वय एकोणतीस. मोठ्यांच्या बॅचला आम्ही तिघं. मी, एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवून रिटायर झालेली. दुसरे मगदूम अप्पा. त्यांचं शाहूपुरीत पाइपांचं दुकान आहे, आता मुलं बघतात. आणि तिसरे पेठ वडगावचे बापू पाटील. घरचा ऊस, घरच्या गाई. बापूंच्या मुलीनं हौसेनं डिजिटल पियानो घेतला, मग तिला बेंगळुरूला नोकरी लागली आणि पियानो वडगावातच राहिला. "नुसतं धूळ खातंय, म्हणलं आपणच शिकावं की," हे बापूंचं कारण.

मॅडमचा नियम एकच. आठवड्याला एक रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकायचं. "वाजवताना आपण स्वतःला ऐकत नाही," त्या म्हणतात, "रेकॉर्ड करा, मग कळेल." बरोबरच आहे. पण बटण दाबलं आणि तो बारका लाल दिवा लागला, की सकाळपासून शहाण्यासारखं चाललेलं बोट एकदम परक्याच्या घरी आल्यासारखं करायला लागतं. तिथून पुढं सगळी कटकट.

*

पहिलं रेकॉर्डिंग मी मोबाइलवर केलं. पियानोतलं बटण तेव्हा जमत नव्हतं. मोबाइल पुस्तकाला टेकवून उभा केला, आणि शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून कानाला हेडफोन लावला. एक चूक नाही, एक अडखळ नाही. इतकी खूश झाले की स्वतः न ऐकताच ग्रुपवर टाकून दिलं.

हेडफोन लावला की पियानोचा आवाज बाहेर येत नाही, तो फक्त आपल्या कानात. बाहेर काय येतं, तर पट्ट्या आपटल्याची टकटक. तेवढीच मोबाइलनं इमानदारीत टिपलेली. दीड मिनिट.

मॅडमचं उत्तर आलं, "काकू, टायपिंगचा स्पीड चांगला आहे."

*

त्यानंतर मी हेडफोनशिवाय रेकॉर्ड करायला लागले आणि आमच्या घरात किती आवाज होतात याचा मला शोध लागला. फ्रिज घुरघुरतो. पंखा करकरतो. गल्लीत भंगारवाला माझ्या शेवटच्या ओळीची वाट बघत उभा असल्यासारखा तिथंच ओरडतो. आणि आमचे हे. ह्यांना बंद दार दिसलं की उघडून काहीतरी विचारायचं असतं. चष्मा कुठाय, लाइट बिल भरलं का, आणि एकदा तर नुसतंच, "काय नाही, बघितलं."

शेवटी मी वहीचा कागद फाडून मोठ्या अक्षरात लिहिलं, 'रेकॉर्डिंग चालू आहे. आत येऊ नये.' दाराला चिकटवला. पंखा बंद केला, घामाघूम होऊन वाजवायला बसले. पहिली ओळ नीट. दुसरी नीट. तिसरीत जरा घाई झाली पण सावरली. शेवटच्या ओळीत चार सूर राहिले होते आणि दार उघडलं.

"अगं," हे म्हणाले, "हे दारावर काय लावलंयस?"

*

मगदूम अप्पांचं भांडण मेट्रोनोमशी. मेट्रोनोम म्हणजे ताल धरायला पियानोतच असलेली टिकटिक. अप्पा सुरुवात तिच्याबरोबर करायचे आणि मधेच कुठंतरी दोघांची फारकत व्हायची. रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ ऐकू यायचं. टिकटिक आपल्या वाटेनं, अप्पा आपल्या.

"मशीन पळतंय," अप्पा म्हणाले.

"अप्पा, मशीन नाही पळत."

"मग मी चाळीस वर्षं दुकानात काय केलं? माप चुकलं की मला कळतं."

मॅडमनी जरा दम खाल्ला. म्हणाल्या, "आपण मोजूया." मेट्रोनोम मिनिटाला साठवर लावला आणि अप्पांना त्यांचंच मनगटी घड्याळ बघायला सांगितलं. आम्ही सगळे मोजायला लागलो. खालून बेकरीतल्या टोस्टचा वास येत होता. टिकटिक साठ झाली आणि त्याच क्षणी सेकंदकाटा बारावर आला. केसभर फरक नाही.

अप्पांनी घड्याळ काढलं, कानाला लावलं, आणि खिशात ठेवलं.

"हे पण फास्ट आहे," म्हणाले. "सेल बदलला तेव्हापासून."

*

मला मात्र मशीनवर संशय येत नाही, स्वतःवरच येतो. तो प्रसंग सांगते.

आमच्या पियानोत आदल्या दिवशी डावा हात रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी त्यावर उजवा वाजवता येतो. मी तसं केलं. डावा चांगला झाला होता. सकाळी पियानो चालू केला, फडक्यानं पुसला आणि उजवा वाजवायला घेतला, तर इतकं भयाण ऐकू यायला लागलं की मी हात काढून घेतले. पट्ट्या बरोबर होत्या. पुस्तक बरोबर होतं. परत वाजवलं, परत तेच. चार दिवस हाच छळ. मी म्हटलं, झालं, कान गेले. आईचेही माझ्या वयालाच गेले होते.

ते दिवस वाईट गेले. शिकायला लागून दीड वर्ष नाही झालं आणि ऐकू यायचं बंद, असं सारखं मनात यायचं. ह्यांना सांगितलं नाही. कानाच्या डॉक्टरकडं एकटीच गेले. त्यांनी मशीन लावून तपासलं, कागद बघितला आणि म्हणाले, "बाई, माझ्यापेक्षा चांगलं ऐकू येतंय तुम्हाला. बाहेर रिसेप्शनवर माझ्याबद्दल काय बोलतात तेवढं ऐकून सांगा."

मग मॅडम घरी आल्या. पियानोकडं नुसतं बघितलं. फडक्यानं पुसताना माझ्याकडून एक बटण दाबलं गेलं होतं. त्यानं पुढं वाजवू ते सगळे सूर (आधी रेकॉर्ड केलेले नाही) एक पायरी वर सरकतात, आणि बंद करून चालू केलं तरी आमच्या मॉडेलमध्ये तसेच राहतात.

"काकू," त्या म्हणाल्या, "डावा हात तुम्ही कोल्हापुरात वाजवलाय, आणि उजवा इचलकरंजीत."

*

बापू पाटलांचं रेकॉर्डिंग सुरुवातीला अकरा मिनिटांचं यायचं. तुकडा एक मिनिटाचा. आधी खणखणीत आवाजात, "नमस्कार, मी बापू पाटील, पेठ वडगाव." मग वाजवणं. चुकलं की, "सॉरी, थांबा हं, परत घेतो." आणि परत पहिल्यापासून.

"बापू, चुकलं तर थांबायचं नाही," मॅडमनी निक्षून सांगितलं. "पुढं जायचं."

पुढच्या आठवड्यात रेकॉर्डिंग आलं, दोन मिनिटांचं. नमस्कार नाही, काही नाही. मध्यावर एक सूर चुकला, आणि मागोमाग बापूंचा आवाज, "चुकलंय. पुढं जातोय."

*

याच बापूंनी गेल्या हिवाळ्यात मॅडमना रडकुंडीला आणलं. मॅडमनी त्यांना स्वतः एक छोटा वॉल्ट्झ, म्हणजे तीन मात्रांची नाचाची धून, रचून, हातानं लिहून दिला होता. चौथ्या ओळीत हाताला एक उडी होती, आणि बापू दर वेळी बरोबर तिथंच आपटायचे. तीन महिने. त्यात शेवटचा महिनाभर दर रविवारी फोन. "मॅडम, माझं कालचं ग्येलं की."

बापूंच्या पियानोत रेकॉर्डिंगला जागा एकच. नवं भरलं की जुनं पुसलं जातं. "बापू, तुम्ही परत बटण दाबत असाल," मॅडम म्हणायच्या.

"न्हाय हो. हात बी लावत न्हाय. माझं पुसून ते कंपनीचंच वाजवतंय."

"कंपनीचं म्हणजे काय?"

"ह्योच आपला वॉल्ट्झ. पर लई भारी वाजीवलेला. कंपनीचा मानूस असंल."

पाच रविवार हे ऐकून मॅडमचा संयम संपला. मला म्हणाल्या, "काकू, चला वडगावला. ते काय दाबतात ते मला डोळ्यांनी बघायचंय."

गेलो. बापूंच्या बायकोनं, वहिनींनी, पाणी दिलं आणि त्या आत गेल्या. घरात ती दोघंच. बापूंनी आमच्यासमोर बटण दाबलं, लाल दिवा लागला, वॉल्ट्झ वाजवला, चौथ्या ओळीत आपटले, बटण बंद केलं. सगळं बरोबर. मॅडमनी लगेच लावून ऐकलं, बापूंचंच होतं. मग बापू म्हणाले, "आलायसा तर गोठा बघून चला की." गोठा घरामागं परड्यात. तिथं कडबाकुट्टीचं मशीन चालू, एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. अर्ध्या तासानं परत आलो आणि मॅडमनी पुन्हा बटण दाबलं.

वॉल्ट्झ सुरू झाला. सावकाश, दोन्ही हात एकमेकांना सांभाळून घेत. चौथी ओळ आली आणि उडी अलगद पार पडली. शेवटचा सूर पूर्ण विरेपर्यंत पट्टी धरून ठेवलेली.

"बघा," बापू म्हणाले. "म्हणलं न्हवतं? कंपनीचं."

"बापू," मॅडम हळू म्हणाल्या, "हा वॉल्ट्झ कंपनीकडं नाहीच. मी लिहिलाय. तो कागद फक्त तुमच्या घरात आहे."

मॅडमनी वॉल्ट्झ पुन्हा एकदा लावला. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला, चौथी ओळ जाईपर्यंत उभ्या राहिल्या आणि बापूंच्या हातात कप देत म्हणाल्या,

"तिथं तिसरं बोट घाला तुमी. तीन म्हैनं झालं, चौथंच घालताय."