अर्धवट धुतलेलं इंजिन

गॅरेजात सगळे त्यांना ‘आंघोळ मिस्त्री’ म्हणायचे. रेडिएटर बदलायला गाडी आली की आधी ते इंजिनच्या पोटातली पाण्याची वाट धुऊन काढणार आणि मगच नव्या रेडिएटरला हात लावणार. गॅरेज आता धाकट्या भावाच्या नावावर होतं. त्याला पान्हा धरायला यांनीच शिकवलं होतं. वडील गेल्यावर स्वतःची शाळा सोडून त्याला शिकवलंही होतं. पण टेबलामागच्या खुर्चीत तो बसायचा आणि हे गाडीखाली.

त्या सोमवारी निवृत्त सिस्टर आपली जुनी गाडी घेऊन आल्या. रेडिएटर गळत होता. सिस्टरच्या यजमानांना अर्धांगवायू झालेला. रोज संध्याकाळी त्यांना उचलून पुढच्या सीटवर बसवायचं आणि तळ्यापर्यंत फिरवून आणायचं, एवढंच त्यांचं बाहेरचं जग.

“मिस्त्री, घाई नाही. पण काम पक्कं करा,” सिस्टर म्हणाल्या.

मिस्त्रींनी पाणी सोडलं तर चहाच्या गाळासारखं तपकिरी आलं. कित्येक वर्षं नळाचंच पाणी भरलेलं. त्यांनी गंज सोडवायचं औषध घातलं, इंजिन तासभर चालवलं, थंड होऊ दिलं आणि उलट्या बाजूने पाइप लावला. चिखल भसाभस बाहेर पडला. औषधाने आतल्या भिंतींवरची खपली सुटायला लागली होती. आता मध्येच थांबणं म्हणजे हात न लावण्यापेक्षा वाईट. सुटलेला सगळा गाळ नव्या रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसणार.

“दादा, एका गाडीला दोन दिवस?” धाकटा म्हणाला. “बाहेर चार उभ्या आहेत.”

“उद्या दुपारपर्यंत पाणी स्वच्छ येईल. तोवर हात लावू नकोस.”

दुसऱ्या दिवशी मिस्त्री जेवून परतले तर गाडीची जागा रिकामी.

“बसवला रेडिएटर, गेली गाडी,” धाकटा फोनवरून मान वर न करता म्हणाला. “काही होत नाही, दादा. तुझी उगाच सोवळ्याची तऱ्हा.”

सिस्टरचा नंबर वहीत होता. मिस्त्रींनी वही उघडली, नंबरावर बोट ठेवलं. आपणच फोन केला तर सख्ख्या भावाची अब्रू चव्हाट्यावर. त्यांनी वही मिटली. दोन-तीन दिवस ते ताट अर्धवट टाकून उठायचे. बायकोने विचारलं तर म्हणाले, “पित्त झालंय.”

तीन आठवड्यांनी गाडी दुसऱ्या गाडीला दोर बांधून ओढत आणली. आदल्या संध्याकाळी तळ्यावरून परतताना रस्त्यात इंजिन तापून बंद पडलं होतं. यजमानांना सीटवरून हलवता येईना. खिडकीतून त्यांच्या तोंडावर येणारं मावळतीचं ऊन अडवायला सिस्टर तासभर ओढणी धरून उभ्या होत्या. इंजिनचं हेड, म्हणजे वरचं झाकण, तडकलं होतं; दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त.

“असं कसं झालं?” सिस्टरनी विचारलं.

धाकट्याने आवाज खाली आणला, पण मिस्त्रींना ऐकू जाईल इतकाच. “काय सांगू बाई, दादांचं वय झालं. धुताना गाळ राहून गेला असणार. मी तरी कुठे कुठे बघू?”

सिस्टर मिस्त्रींकडे वळल्या. तोंडातून एक शब्द निघाला असता तर पुरे होता. मिस्त्रींनी हातातलं फडकं पिळलं आणि खाली पाहिलं.

“तुमच्या भरवशावर दिली होती हो गाडी,” एवढंच म्हणून त्या गेल्या.

संध्याकाळी मिस्त्रींनी तो नवाकोरा रेडिएटर काढून उलटा धुतला. अर्धी बादली चिखलपाणी निघालं. त्यांनी बादली नेऊन भावाच्या टेबलासमोर ठेवली. धाकट्याने बादलीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

“उचल ती. गिऱ्हाईक बसतं इथे.”

त्यांनी उचलली. तेच त्यांना जास्त लागलं.

घरी बायकोला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “अहो, पण त्या माउलीला अजून तुम्हीच चुकलात असं वाटतंय!” त्यावर आठवडा गेला. मग एके सकाळी ते सिस्टरच्या दारात उभे राहिले आणि जे झालं ते सांगितलं. औषध, अर्धं राहिलेलं काम, फोनची वही, सगळं.

सिस्टरनी शांतपणे ऐकून घेतलं. “गाडी नेली त्या दिवशी सांगितलं असतंत, तर परत आणून सोडली असती. परवा तुमच्याकडून ओढून नेली ती भंगारातच दिली मी. आता सांगून कोणाचं भलं केलंत?”

मिस्त्री जायला वळले.

आतून यजमानांचा जड, अडखळता आवाज आला. “मि... मिस्त्री आलेत? झा... झाली का गाडी?”

सिस्टरनी डोळे मिटून घेतले. गाडी गेल्याचं त्यांनी नवऱ्याला सांगितलं नव्हतं. “थोडा वेळ लागेल म्हणतायत,” त्या आत बघून म्हणाल्या.

“चा... चांगली करा,” आतून आवाज आला.

“हो साहेब,” मिस्त्री म्हणाले. खोटं बोलायला मात्र तोंड लगेच उघडलं.

महिनाभरात त्यांनी गॅरेज सोडलं. गुडघे दुखतात, असं कारण दिलं. धाकट्याने एकदाही थांब म्हटलं नाही.