उजव्या बाजूचं मॅगझिन

आमच्या घरमालकांइतकी माणसं उभ्या नगर जिल्ह्यात कुणी मारली नसतील. महिन्याला पंधरा-वीस तर कुठेच गेली नाहीत. कुणाला बर्फात, कुणाला वाळवंटात, एकाला तर धावत्या आगगाडीच्या टपावर. आणि एवढं करून हा गृहस्थ संध्याकाळी सदऱ्याच्या बाह्या दुमडून अंगणातल्या मोगऱ्याला पाणी घालताना दिसायचा. मालक शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंग मास्तर. पुण्याच्या एका प्रकाशकासाठी ते दरमहा एक युद्धकथा लिहीत. नायक नेहमीचाच, एक कमांडो कॅप्टन. मुखपृष्ठाचा छपाईचा ब्लॉक 'कॅप्टन' या हुद्द्यासकट एकदा करून ठेवलेला असल्यामुळे या शूर माणसाला इतक्या वर्षांत बढती म्हणून मिळाली नव्हती. एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलवर ही पुस्तकं लिमलेटच्या गोळ्यांच्या बरणीशेजारी दोरीला टांगलेली असत.

पण मालकांना लेखक म्हटलेलं खपत नसे. "गोष्ट काय, कुणीही रचतो हो, भाडेकरू," ते म्हणायचे. मला त्यांनी नावाने कधी हाक मारली नाही. "हत्यार खरं पाहिजे." त्यांच्या पुस्तकांतली माणसं खोटी, देश खोटे, मोहिमा तर धादांत खोट्या; पण स्टेन गन म्हणजे स्टेन गन, ब्रेन गन म्हणजे ब्रेन गन. खरी बंदूक त्यांनी जन्मात हातात धरली नव्हती. म्हणून रद्दीतल्या इंग्रजी मासिकांतले फोटो ट्रेसिंग पेपरवर उतरवून, ते लाकडावर छापून, सुताराकडून त्यांनी बाभळीच्या बंदुका करून घेतल्या होत्या. आत शिसं ओतून वजनंही खरी केली होती. कॅप्टन एस.एल.आर. रायफल घेऊन डोंगर चढणार असला की आधी मालक ती खांद्याला लावून घराचा जिना चढून बघत आणि धाप कितव्या पायरीला लागली ते बघून मगच कॅप्टनला दम लावत. एकदा रविवारी सकाळी मला बोलावून म्हणाले, "जरा खांद्यावर एक बुक्की मारा, बंदुकीचा धक्का बघायचाय." मी बिचकत मारली. "ही झाली छऱ्याची बंदूक. थ्री-नॉट-थ्री मारा!" घरमालकाला बुक्की मारायची संधी भाडेकरूला जन्मात एकदाच मिळते, मी ती वाया घालवली नाही. पुढच्या पुस्तकात कॅप्टनचा खांदा चार पानं ठणकत होता.

एकाहत्तर सालच्या लढाईत, ब्लॅकआउटच्या दिवसांत, जो तो ज्याला त्याला हेर समजत होता. नेमकं तेव्हाच कॅप्टनला एका पुस्तकात लांबची कूच होती. मालकांनी एस.एल.आर. चादरीत गुंडाळली आणि सावेडीच्या घरून निघाले ते पायी थेट केडगावपर्यंत. नाक्यावर पोलिसाने अडवलं. चादर सोडून बघतो तर बंदूक! बिचारा दोन पावलं मागे सरला, मग हात लावून म्हणाला, "आजोबा, ही खरी न्हाई का?" यांचा पारा चढला. "खरी नाही म्हणजे? वजन करून बघा!" त्यांना सोडवून आणायला मलाच सायकल हाणावी लागली. परत येताना बंदूक हँडलला आडवी, मालक मागे कॅरियरवर आणि रस्ताभर त्यांचं एकच पालुपद, "लाकडाची म्हणाला असता तर चाललं असतं. खोटी म्हणाला."

हसायला सोपं होतं सगळं. पण सावेडीत तेव्हा घरं थोडी आणि बाजरीची रानंच जास्त. मालकीणबाई घराची वास्तुशांत झाली त्याच वर्षी गेल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. आमची ही कधी भाजीची वाटी घेऊन गेली तर मालक दारातच तिला ब्रेन गन खोलून कशी साफ करतात ते सांगत बसायचे. ही बिचारी पदर सावरत ऐकून घ्यायची. घरी येऊन म्हणायची, "त्यांना बंदुकीचं नसतं हो सांगायचं. कुणीतरी उभं राहायला हवं असतं." हे मला आधी सुचायला हवं होतं.

त्यांच्या वर्षाचा एकच सण, खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे जो तो आपापल्या हत्याराची पूजा करतो. शेतकरी नांगराची, शिंपी मशीनची, वाणी तराजूची. मालक पाटावर पांढरंशुभ्र वस्त्र अंथरून बाभळीच्या बंदुका ओळीने मांडत, हळदकुंकू वाहत, नळीला झेंडूची माळ घालत. आणि पातेलंभर शिरा करत. फाटक सताड उघडं. "एखादा फौजी येईल," म्हणायचे. "गाव लष्कराचं आहे. आपली पुस्तकं वाचत असतीलच की." एवढीच त्यांची आस होती, की खरं हत्यार वापरलेल्या एका तरी माणसाने या ओळीसमोर उभं राहावं आणि म्हणावं, बरोबर आहे. दरवर्षी आम्ही दोघं जायचो, दोन-दोनदा शिरा खायचो आणि उरलेला डब्यातून घरी आणायचो.

बहात्तरला दुष्काळ पडला. रेशनवर लाल मिलो ज्वारी आणि साखर चिमूटभर. मालक उन्हाळ्यापासून कोरा, बिनसाखरेचा चहा पीत होते. शिऱ्यासाठी साखर साठवत होते, हे नंतर कळलं. त्या खंडेनवमीला हिचा मावसभाऊ आमच्याकडे आला होता. सोनईचा, पलटणीत नाईक, लढाईनंतर पहिल्यांदाच लांब रजेवर. हिने त्याला सरळ हाताला धरून मालकांकडे नेलं.

मालकांच्या हातातली पळी खाली पडली. "या, नाईकसाहेब," एवढंच कसंबसं म्हणाले. नाईकाने बूट बाहेर काढले, पाटासमोर हात जोडले आणि एकेक हत्यार बघत गेला. ब्रेनपाशी मान हलवली, एस.एल.आर.पाशी हलवली. स्टेनपाशी थांबला. आणि एकदम फस्सकन हसला.

"म्हंजी ते तुमी व्हय!"

मालकांचा चेहरा पडला. "का? काय चुकलं?"

"म्यागझीन. स्टेन काय, कारबाईन काय, म्यागझीन डाव्या अंगाला असतंय. तुमच्या क्यापटनचं सदा उजवीकडं!"

मालक खाली बसले. माझ्याही लक्षात आलं. ड्रॉइंग मास्तरांनी ट्रेसिंग पेपर लाकडावर उलटा ठेवून छाप घेतला होता. ब्रेनचं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, वर असतं, एस.एल.आर.चं खाली, तिथे उलटसुलट झालेलं कळलं नाही. स्टेनचं कुशीला. पुढे मासिक कुणी बघितलं? समोर खरी स्टेन होती ना! तिच्यावरून लिहीत गेले. इतक्या वर्षांच्या इतक्या पुस्तकांत कॅप्टन उजवीकडे मॅगझिन ठोकत होता. शिऱ्याला खाली लागल्याचा वास यायला लागला तरी कुणी हललं नाही.

नाईक मग त्यांच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसला. "मास्तर, आमच्या कंपनीत एकच पुस्तक यायचं तुमचं. समद्यांत फिरायचं. लढाईच्या आदुगर आमी खंदकात बसून हुतो लई दिस. चिखल, थंडी, घरची याद. मग एकजन मोठ्यानं वाचायचा, आन क्यापटननं उजवीकडं म्यागझीन लावलं की समदी पोरं आरडायची, 'लावलं! लावलं!' लई हसायचो. दुसरं हसायसारखं काय हुतं तितं?"

मालक स्टेनकडे बघत म्हणाले, "आता दुरुस्त करतो."

"आजाबात नगा! पोरं वाट बघत्यात."

तेव्हा मालक हसले. डोळे पुसत पुसत हसले. नाईकाने करपलेला शिरा तीन वेळा मागून घेतला आणि जाताना म्हणाला, "फुडच्या टायमाला दोस्तांना घिऊन येतो."

पुढच्या वर्षी त्याला रजा मिळाली नाही. हिने मालकांना आधीच सांगितलं होतं. "रजा ऐनवेळी मिळते हो," म्हणाले आणि पातेलं चढवलं. त्या दिवशी ते फाटकाकडे तोंड करून बसले होते. दिवेलागणीला उठले, आमचा डबा भरून दिला आणि बंदुकांवरची फुलं काढायला लागले. मला तिथे थांबवेना.

पुढच्या महिन्यात त्यांचं पुस्तक आलं. मुखपृष्ठावर नेहमीचा स्फोट. आत एकही गोळी सुटत नाही. कॅप्टन पहिल्यांदाच रजेवर येतो. एका म्हाताऱ्याच्या घरी जातो, स्टेन कोपऱ्यात उभी करतो, मॅगझिन उजवीकडे, आणि पाटावर बसून शिरा खातो. म्हातारा विचारतो, परत कधी? कॅप्टन म्हणतो, दसऱ्याला. संपलं. प्रकाशक इतका भडकला की पुढची पुस्तकं त्याने दुसऱ्याच कुणाकडून लिहून घेतली. मी एक प्रत हिच्या भावाच्या पलटणीच्या पत्त्यावर पाठवून दिली. लवकरच माझी बदली झाली आणि आम्ही सावेडी सोडली.

नाईक रजेवर आला तो पुढच्या वर्षीच्या दसऱ्याला, आमच्या नव्या बिऱ्हाडी. हिने शिरा केला होता. चार घास खाऊन तो म्हणाला, "दाजी, तुमी धाडलेलं पुस्तक वाचलं मोठ्यानं. म्यागझीन आलं, पर कुनी आरडलं न्हाई. समदी गप. मग एक पंजाबी गडी हाय, त्याला हिंदीत समदं, मास्तरांचं बी, सांगितलं, तर त्यानं इचारलं, हे घर नगरला कुटं हाय? समद्यांनी पत्ता मागितलाय."

मी त्याला पत्ता नीट सांगितला. सावेडी, बाजरीच्या रानाला लागून, अंगणात मोगरा, फाटक उघडंच असतं. मालक त्याच वर्षीच्या पावसाळ्यात गेले, हे मात्र त्याची वाटी रिकामी होईपर्यंत मला सांगता आलं नाही.