कोण गेलं, विचारायला लावणारी रेकॉर्ड

युरोपातलं तीनशे वर्षांपूर्वीचं, तिकडेही आता कुणी विचारत नाही असं संगीत ऐकणारा आमच्या घाटकोपरच्या चाळीत मी एकटाच येडा. माझ्या लाडक्या रेकॉर्डवर दोन व्हायोलिन आणि एक चेलो, म्हणजे व्हायोलिनचाच जाड आवाजाचा थोरला भाऊ, बस. सत्तर सालाच्या आसपास ती पहिल्यांदा लावली, तेव्हा अख्खा मजला दारात जमला.

"कोण गेलं रे?" शेजारच्या काकूंनी घाबरून विचारलं.

त्या काळी मोठा पुढारी वारला की रेडिओवर गाणी बंद व्हायची आणि दिवसभर अशीच रडकी वाद्यं वाजायची. बायको हसून हसून बेजार झाली. मी मात्र भडकलो. "कुणी मेलं नाहीये, संगीत आहे हे!" दर वेळी असा खेकसत राहिलो. शेवटी लोकांनी विचारणं सोडलं.

पुढे काही वर्षांनी एका दुपारी माझ्या आजारी बायकोनं घरातच प्राण सोडला. कुणाला हाक मारायला माझ्या तोंडून आवाज फुटेना. मी तीच रेकॉर्ड लावली, मोठ्यानं, आणि दार सताड उघडलं. संपली की पुन्हा लावत होतो.

काकू समोरून गेल्या. जाताना आत न बघताच त्यांनी आमचं दार बाहेरून ओढून घेतलं.